मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात तळ्याकाठी रस्टिक कॅम्पिंग: काय न्यायचं, कसं राहायचं

अमेरिकेत मिडवेस्टला राहणाऱ्या आपल्या मंडळींचं कॅम्पिंग बहुतेक वेळा स्टेट पार्कात होतं, वीज, गरम शॉवर आणि शेजारच्या साईटवरचा स्पीकर यांच्यासकट. मॅकिनॉ पूल ओलांडून अप्पर पेनिन्सुलात गेलात तर न्यूबेरी गावाच्या वरच्या बाजूला सुपीरियर सरोवरापर्यंत नुसतं जंगल आहे आणि त्यात प्रेटी लेक, पर्च लेक, अँड्रस लेक अशी लहान तळी, त्यांच्या काठावर स्टेट फॉरेस्टची रस्टिक कॅम्पग्राउंड्स. तिथे तंबूपुरती जागा मिळते, एक टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं, हातपंप आणि फ्लश नसलेला संडास, बास. बऱ्याच ठिकाणी बुकिंग नसतं, आधी येईल त्याची साईट, म्हणून शुक्रवारी रात्री पोचण्यापेक्षा सोमवार-मंगळवार धरून जा.

पण सगळ्यात आधी कधी जायचं ते ठरवा, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मे अखेरपासून जूनभर ब्लॅक फ्लाय असतात, त्या कानामागे आणि केसांच्या कडेला चावतात आणि रक्त काढतात, डास तर जुलैपर्यंत पाठ सोडत नाहीत, आणि सुपीरियरच्या वाळूवर ऐन उन्हाळ्यात घरमाशीसारखीच दिसणारी एक माशी घोटे फोडून काढते. लहान मुलं घेऊन जूनमधे जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य, लेबर डेचा (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वीकेंड सोडून, हा खरा काळ. तरी डीट (डास-माश्या दूर ठेवणारं अंगाला लावायचं औषध) आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, आणि झोपायच्या आधी सगळ्यांच्या अंगावर गोचीड बघायची, काखेत, गुडघ्यामागे, केसांत.

डेट्रॉइटहून न्यूबेरी साडेपाच-सहा तास. टाकी तिथेच फुल करा, पुढे पेट्रोलपंप कमी आणि फोनची रेंज जाते, नकाशा आधीच डाऊनलोड केलेला हवा. शेवटचे काही मैल वाळूचा रस्ता असतो त्यामुळे उजेड असताना पोचा.

लाकडं घरून नेऊ नका, प्लीज. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या आसपास एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा सापडला, त्यानंतर अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मेली आणि तो लांब लांब पोचला त्यात लोकांनी गाडीत घालून नेलेल्या जळणाचा मोठा हात आहे. तिथलीच मोळी विकत घ्या. पेटवायला बर्चची साल शोधा, पण पडलेल्या झाडाचीच, उभ्या झाडाची सोलली की झाडाला जन्माचा डाग राहतो. त्या सालीत तेल असतं, दमट असली तरी एका काडीत पेटते, काळा धूर सोडत चरचरते, तिच्यावर आधी पेन्सिलएवढ्या काटक्या आणि मग अंगठ्याएवढ्या.

हातपंपाला सुरवातीला कधीकधी तांबूस पाणी येतं, ते स्वच्छ होईपर्यंत वाहू द्या आणि मग कॅन भरा, एकाने हापसायचं एकाने धरायचं. लोखंडाची चव लागते, पिण्याचं पाणी अशी पाटी असेल तर घाबरू नका. तळ्याचं पाणी मात्र कितीही नितळ दिसलं तरी एक मिनिट खळखळून उकळल्याशिवाय नको. तिथलं काही पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसतं, ती घाण नाही, दलदलीतल्या झाडांमधून उतरलेलं टॅनिन आहे.

जेवण साधं ठेवा. खिचडी, पिठलं, भाजणी नेली तर तव्यावर थालीपीठ. त्या भागात काळी अस्वलं आहेत, त्यामुळे खाणं, कूलर, कचरा, टूथपेस्टसुद्धा काचा बंद करून गाडीत, तंबूत बिस्किटाचा पुडाही नाही, आणि ज्या कपड्यांना फोडणीचा वास लागलाय ते घालून झोपू नका. भांड्यांचं पाणी तळ्यापासून २०० फूट लांब टाका, साबण लावून भांडी तळ्यात बुचकळू नका.

रात्री थंडी वाजते ती जास्त करून खालून. ऑगस्टमधेही पारा १० अंश सेल्सियसच्या खाली जाऊ शकतो, त्यामुळे स्लीपिंग बॅगवर पैसे घालण्याआधी खाली चांगलं इन्सुलेटेड पॅड घ्या, नुसत्या हवेच्या गादीत हवाच गार पडते. कोरडे मोजे आणि कानटोपी उशाशी.

आणि शेकोटी. तिथली जॅक पाईनची जंगलं किती झरझर पेटतात बघायचं असेल तर २०१२ च्या मे महिन्यातली डक लेकची आग आठवा, वीज पडून लागली आणि सुमारे २१ हजार एकर जाळत सुपीरियरच्या काठापर्यंत गेली. झोपण्याआधी आणि निघण्याआधी बादलीभर पाणी ओता, काठीने राख ढवळा, परत ओता, मग हाताचा मागचा भाग राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर अजून एक बादली.