तंतुकणिका: आधी स्लाइडवर बघा, मग कूळ शोधा

पेशीअंगकांचा तक्ता घोकून ‘कार्य सांगा’चे गुण मिळतात. ‘हे अंगक आलं कुठून?’ असं विचारलं की तक्ता गप्प बसतो. म्हणून सुरुवात तंतुकणिकेपासून (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं श्वसन करून ऊर्जा देणारं अंगक) करा.

कांद्याच्या पाकळीच्या खोलगट बाजूचा पापुद्रा सोलून जेनस ग्रीन बी या रंगाच्या ०.०१ टक्के द्रावणात (१०० मिलिलिटर पाण्यात १० मिलिग्रॅम) काही मिनिटं ठेवा. तंतुकणिकेतलं सायटोक्रोम ऑक्सिडेझ हे श्वसनाचं विकर (एन्झाइम) या रंगाला निळसर-हिरवा ठेवतं. बाकी पेशीद्रवात त्याचं क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) होऊन तो रंगहीन होतो. हाय पॉवरखाली पेशीभित्तिकेच्या कडेला शोधा, कारण मधली जागा रिक्तिकेने अडवलेली असते. बारीक ठिपके दिसतील, काही सरकतानाही. आतल्या घड्या मात्र दिसणार नाहीत. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा.

सवयीने आधी आयोडीन टाकलंत तर पेशी मेली, श्वसन थांबलं, प्रयोग संपला. आणि कव्हरस्लिप ठेवून गप्पा मारत बसलात तर खालचा ऑक्सिजन संपून ठिपके फिके पडतात. लगेच बघा, लगेच आकृती काढा.

आता कूळ. तंतुकणिका म्हणजे एके काळी गिळलेला, पण न पचलेला जीवाणू, ही मांडणी जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नव्याने जोरकसपणे केली. पुरावा म्हणून ‘दुहेरी पटल’ एवढंच लिहू नका. केंद्रकालाही दोन पटलं असतात, पण ती आंतर्द्रव्यजालिकेशी सलग असतात. खरा जोर डीएनएवर द्या: माणसाच्या तंतुकणिकेत १६,५६९ बेसजोड्यांचं, जीवाणूंसारखं वर्तुळाकार डीएनए आहे, ३७ जनुकं, त्यातली प्रथिनांची फक्त १३. तिथली बाकी हजारभर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनून बाहेरून येतात. म्हणून ती ‘अर्धस्वायत्त’. आमच्या मते त्यातही ‘अर्ध’ जरा उदारच. क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक जीवाणूंच्या रायबोसोमना (प्रथिनं बनवणाऱ्या कणांना) रोखतं तसंच तिच्याही रोखतं, पेशीद्रवातल्या ८०एसना नाही (‘एस’ हे कणाच्या आकाराचं माप), हाही भक्कम मुद्दा. तिच्या रायबोसोमना जीवाणूंसारखे ‘७०एस’ लिहिताना सांभाळा: पाठ्यपुस्तकात चालतं, पण सस्तन प्राण्यांत ते ५५एस असतात.

गॉल्गी, लयकारिका (लायसोसोम), रिक्तिका यांना हे कूळ लावू नका. त्यांना एकेरी पटल, स्वतःचं डीएनए नाही. हरितलवकाला लागतं, फक्त पूर्वज सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू. पटलं मोजायचा सराव हवा असेल तर मलेरियाच्या प्लाझ्मोडियम या परजीवीतला ॲपिकोप्लास्ट (हरितलवकाच्या कुळातलं अंगक) घ्या. त्याला चार पटलं आहेत, कारण लवक असलेलं शैवालच तिथे अख्खं गिळलं गेलं होतं.