ठाण्याच्या फ्लॅटमध्ये फेरेट: आधी एसी, मग पिंजरा

फेरेट दिसला की सोसायटीचा वॉचमन हमखास विचारतो, "मुंगूस पाळलंय का?" मुंगूस 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं, ते घरी ठेवता येत नाही. फेरेट वेगळा. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून दोनेक हजार वर्षांपूर्वी माणसाळवलेला आणि बिळातले ससे हुसकायला वापरला गेलेला. नर एक-दोन किलोचा, मादी साधारण किलोच्या आत. जगतो 6 ते 8 वर्षं.

सगळ्यात मोठी अडचण आपल्या हवेची. 27 अंशांपुढे फेरेट मलूल होतो, तिशीपुढे उष्माघात होऊ शकतो. ठाण्यात मे महिन्यात पारा 35 ओलांडतो, वर खाडीचा दमटपणा. पंखा आपल्याला गार वाटतो तो घाम सुकवतो म्हणून. फेरेटला तसा घामच येत नाही. त्यामुळे 22-24 अंशांवर एसीची खोली हवी, आणि ती परवडत नसेल तर फेरेट आणू नये. बाल्कनीत पिंजरा तर नकोच. वीज जाईल तेव्हासाठी दोन बाटल्या कायम फ्रीझरमध्ये असू द्या, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा. तोंड उघडून धापा टाकत असेल, अंग ढिलं पडलं असेल, तर पोट आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा (बर्फाचं पाणी नको) आणि लगेच डॉक्टरकडे न्या. मात्र दिवसाचे 14-18 तास तो झोपतोच, तेही इतकं गाढ की उचललं तरी मान लोंबते. त्याला घाबरू नका.

पिंजऱ्याच्या गजांत 2.5 सेंमीपेक्षा जास्त फट नको. बाहेर सोडताना वॉशिंग मशीनची मागची बाजू, सोफ्याचं बूड आणि मोरीची जाळी बंद करा. खोडरबर, स्लिपरचा तुकडा, इअरफोनची रबरी बोंडं तो चावून गिळतो आणि आतडं तुंबतं. खाणं सुटलं, दात करकरायला लागला, शी पेन्सिलीसारखी बारीक झाली, की उद्यावर ढकलू नका.

अन्न त्याच्या पोटातून तीन-चार तासांत बाहेर पडतं, म्हणून वाटी दिवसभर भरलेली हवी. मांजराच्या पिल्लांचं कोरडं खाणं चालतं. घटकांत पहिलं नाव मांसाचं, प्रथिनं 35 टक्क्यांवर, चरबी 20च्या आसपास. जोडीला चिकन, थोडी कलेजी. दूधपोळी, वरणभात, फळं नकोत. गोड तर अजिबात नको.

वासावर उपाय म्हणून दर आठवड्याला आंघोळ घालतात, त्याने कातडी जास्त तेल सोडते आणि वास वाढतो. त्यापेक्षा झोपायची फडकी धुवा.

डॉक्टर आधी शोधा, फेरेट नंतर. डिस्टेंपर (कुत्र्यांनाही होणारा विषाणूचा रोग) झाला तर फेरेट जवळपास वाचतच नाही, पण म्हणून कुत्र्यांची हाताला येईल ती लस देऊन चालत नाही; काही जिवंत लशींमुळे फेरेटला तोच रोग झालेला आहे. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही, तर माज महिनोन्‌महिने टिकतो, इस्ट्रोजेन या संप्रेरकाने अस्थिमज्जा निकामी होते आणि ती दगावते. नसबंदीचं डॉक्टरशी पक्कं करूनच मादी घ्या.

नखं दोन आठवड्यांनी कापावी लागतात. मानेमागची कातडी पकडून उचललं की तो लांब जांभई देतो आणि शांत होतो. मग मांडीवर उताणा घेऊन पोटावर सामन माशाच्या तेलाचे दोन थेंब टाका. तो चाटत बसेल, तोवर नखातली गुलाबी शीर सोडून वीसही नखं उरकतात.