टॉवरचं सामान मागवताय? कोड आधी सोडवा

जळगाव-धुळ्यात बसून न्हावा-शेवा बंदरात मोबाइल टॉवरचं सामान उतरवत असाल, तर इनव्हॉइसवर नुसतं ‘टेलिकॉम इक्विपमेंट’ लिहून घेऊ नका. घोळ तिथेच होतो, कारण कस्टम्समध्ये प्रत्येक वस्तूला तिचा HS कोड (वर्गीकरणाचा आकडा) लागतो. बेस स्टेशन (फोनशी सिग्नलची देवाणघेवाण करणारं यंत्र) 8517 61 मध्ये. अँटेना 2022 पासून 8517 71 मध्ये. पुरवठादाराने सवयीने जुना 8517 70 टाकला असेल तर खोडून घ्या. रेक्टिफायर (AC विजेची DC करणारं यंत्र) 8504 40, लिथियम-आयन बॅटरी 8507 60. टॉवरवर बसते म्हणून बॅटरी ‘पार्ट’ होत नाही, कस्टम्स टॅरिफच्या सोळाव्या विभागाची टीप 2 वाचा. खरी डोकेदुखी रिमोट रेडिओ हेडची (अँटेनाजवळ बसणाऱ्या रेडिओ युनिटची): बेस स्टेशनचा सुटा भाग की स्वतंत्र यंत्र, यावर वाद झालेत. तिथे ब्लॉक डायग्राम जोडून मुंबईच्या कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे (आयातीआधीच कोडचा निर्णय देणाऱ्या) अर्ज करा, तोही माल जहाजावर चढण्याआधी.