बायपासनंतरचे ‘डम्पिंग’ कसे आटोक्यात आले

गॅस्ट्रिक बायपासनंतर (वजन घटवण्यासाठी जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर) जेवण संपते न संपते तोच मला धडधड, घाम, पोटात कळा आणि जुलाब होऊ लागले. सर्जनांनी ‘डम्पिंग’ असे निदान केले. जठराचा उरलेला लहानसा कप्पा थेट लहान आतड्याला जोडलेला असल्याने गोड अन्न वेगाने खाली उतरते, आतड्यात पाणी ओढून घेते आणि १० ते ३० मिनिटांत ही लक्षणे दिसतात. १ ते ३ तासांनी येणारी थरथर मात्र रक्तातील साखर उतरल्यामुळे असते. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने मी साखर व गोड पेये बंद केली, जेवणाची सुरुवात प्रथिनांनी केली आणि जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी टाळले. हा शेवटचा नियम सर्वांत जाचक, पण मला गुण आला तो प्रामुख्याने त्यानेच. औषधाची गरज पडली नाही.

तथापि सतत तीव्र पोटदुखी, ताप किंवा जलद नाडी यांना डम्पिंग समजून घरी थांबू नये. त्यामागे शस्त्रक्रियेच्या जोडातून गळती, व्रण किंवा आतड्याचा अंतर्गत हर्निया (आतडे पोटातल्याच फटीत अडकणे) असू शकतो. उलट्या थांबतच नसतील, तर थायमिनच्या (जीवनसत्त्व ब-१) कमतरतेने मज्जासंस्थेला इजा होण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांना विनाविलंब गाठावे.