गौरीच्या जेवणाचा बेत: ठाण्याच्या दोन खोल्यांत चोवीस पाने

गौरीपूजनाच्या दिवशी चोवीस माणसांचा स्वयंपाक करायचा असेल, तर पदार्थांची यादी करण्यापूर्वी आपल्या शेगडीला बर्नर किती आहेत आणि त्या दिवशी पोळ्या लाटायला हात किती मिळणार आहेत, हे दोन आकडे कागदावर लिहावेत, असा माझा आग्रह आहे. गावाकडच्या घरात दोन चुली, मागचे अंगण आणि पाच-सहा जावा-नणंदा असत, त्यामुळे तिथली यादी नौपाड्यातल्या दोन खोल्यांत जशीच्या तशी उतरवायला गेले की नैवेद्याची वेळ टळते आणि राबणारी बाई दुपारी चार वाजता गार भात घेऊन उभ्याउभ्या जेवते. माझ्या सासूबाईंना मी वर्षानुवर्षे असेच जेवताना पाहिले आहे. त्यांच्या पानातही तव्यावरची पोळी पडावी, एवढ्यासाठी मी हा सगळा बेत नव्याने बसवला.

प्रथम पंचांग पाहावे. गौरी तिथीने नव्हे, नक्षत्राने येतात. भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा क्रम असल्यामुळे पूजनाचा वार दरवर्षी बदलतो. 2025 साली पूजन 1 सप्टेंबरला, म्हणजे सोमवारी आले होते. कामाच्या दिवशी डोंबिवलीहून आणि ऐरोलीहून येणारी मंडळी एका वेळी येत नाहीत, हे धरून दोन पंगती ठरवाव्यात आणि कोणती माणसे कोणत्या पंगतीला बसणार, हे आठवडाभर आधी फोन करून विचारून घ्यावे. आमच्याकडे साडेबाराला नैवेद्य, एक वाजता पहिली पंगत आणि पावणेदोनला दुसरी असते. दुसऱ्या पंगतीत स्वयंपाक करणाऱ्या सगळ्याजणी बसतात आणि त्यांना वाढण्याचे काम पहिल्या पंगतीत जेवलेले पुरुष करतात. हे आधी स्पष्ट सांगून ठेवावे लागते. ऐन वेळी सांगितले तर कुणाला तूप कुठे आहे ते सापडत नाही.

बेत पुढीलप्रमाणे ठेवावा: वरण-भात, पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांची मिसळभाजी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, ओल्या खोबऱ्याची चटणी, तळलेल्या कुरडया आणि ताक. सगळे कांदा-लसणाशिवाय. मसालेभात आणि अळूची पातळ भाजी मी यादीतून काढली. दोन्ही मला प्रिय आहेत. परंतु पुरणपोळीच्या पानात मसालेभात कुणी पोटभर खात नाही, आणि अळू मिसळभाजीत येतोच. कोकणातल्या घरांत घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो आणि कित्येक घरांत गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा नैवेद्य दाखवतात. तिथे पदार्थ वेगळे असले, तरी बर्नर आणि हात मोजण्याची ही रीत तशीच लागू पडते.

चोवीस माणसांना सरासरी दोन म्हणजे पन्नासेक पुरणपोळ्या लागतात. त्यासाठी सव्वा किलो चणाडाळ आणि तेवढाच गूळ घ्यावा. पोळी फार मोठी लाटली नाही तर एवढ्यात पन्नास पोळ्या आरामात होतात. भातासाठी पावणेदोन किलो आंबेमोहोर, वरणासाठी 600 ग्रॅम तूरडाळ, दोन किलो बटाटे, दीड किलो काकडी आणि पोळ्यांवर सोडण्यासाठी धरून पाऊण किलो साजूक तूप पुरते.

सोळा भाज्यांच्या बाबतीत मात्र जवळजवळ प्रत्येक नवी गृहिणी फसते. प्रत्येक भाजी अर्धा किलो घेतली, की आठ किलो भाजी घरात येते आणि चिरतानाच रात्र होते. प्रत्येकी 150 ग्रॅम पुरे; त्याची एकूण भाजी 2 किलो 400 ग्रॅम होते आणि चोवीस पानांना व्यवस्थित पुरते. जांभळी नाक्याच्या बाजारात या दिवसांत मिसळभाजीचे वाटे लावलेले असतात. ते जरूर घ्यावेत, परंतु सुरण आणि अळूचे देठ ताजे आहेत ना, हे वाटा उलटापालटा करून पाहूनच घ्यावे. माझी सोळांची यादी अशी आहे: सुरण, रताळे, कच्चे केळे, मक्याचे कणीस, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, गवार, फरसबी, तोंडली, वांगे, मुळा, लाल माठ, अळूचे देठ आणि बटाटा. सुरणात आणि अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यामुळे घसा खाजतो. म्हणून या दोन्ही भाज्या आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात आधी वेगळ्या शिजवून मगच बाकीच्यांत मिसळाव्यात. चिरताना हातालाही थोडे तेल लावावे. कणीस, कच्चे केळे, रताळे यांसारख्या कठीण भाज्या प्रथम आणि दोडका, माठ सर्वांत शेवटी घातला, तर भाजीचा लगदा होत नाही.

आता पुरणाकडे वळू, कारण या जेवणाचे यश नव्वद टक्के पुरणावर ठरते. ज्यांच्याकडे सोवळ्याचा स्वयंपाक असतो, त्यांना डाळ पूजनाच्या पहाटेच शिजवावी लागते. तसा नेम नसेल, तर पुरण आवाहनाच्या दिवशी दुपारी चारच्या आत आटोपून गार करून फ्रिजमध्ये ठेवावे, म्हणजे संध्याकाळी गौरी उंबऱ्यातून आत आणताना आणि भाजी-भाकरीचा नैवेद्य करताना मन मोकळे राहते. डाळ दोन तास भिजवून, तिप्पट पाणी घालून कुकरमध्ये शिजवावी आणि दाणा दोन बोटांत धरला की पिठासारखा विरतो आहे, याची खात्री झाल्याशिवाय गूळ अजिबात घालू नये. गूळ पडल्यावर कच्ची राहिलेली डाळ पुन्हा मऊ होत नाही. मग पुरणयंत्रात कणी राहते आणि तीच कणी दुसऱ्या दिवशी लाटताना पोळी फाडते.

शिजलेली डाळ रोवळीत किंवा चाळणीत ओतून पंधरा-वीस मिनिटे निथळू द्यावी. खाली जमलेला कट आमटीसाठी लगेच झाकून फ्रिजमध्ये ठेवावा, कारण भाद्रपदातल्या दमट हवेत तो रात्रभर ओट्यावर राहिला तर सकाळपर्यंत आंबतो. निथळलेल्या डाळीत गूळ घातला की मिश्रण आधी आमटीसारखे पातळ होते आणि नवख्या बाईचा धीर तिथेच सुटतो. घाबरू नये. जाड बुडाच्या, पसरट कढईत मध्यम आचेवर सतत ढवळत राहिले, की हळूहळू बुडबुडे जड होतात, पुरण कढईच्या कडा सोडू लागते, आणि मधोमध रोवलेले उलथणे आधार सोडल्यावरही सरळ उभे राहिले, की गॅस बंद करावा. जायफळ आणि वेलदोड्याची पूड त्यानंतर घालावी, आणि पुरण कढत असतानाच यंत्रातून काढावे. गार झालेले पुरण वाटताना दुप्पट जोर लागतो. वाटल्यावर सैल वाटले, तर बेसन किंवा पिठी न मिसळता ते पुन्हा कढईत आटवावे. कोरडे झाले, तर दुसऱ्या दिवशी कोमट दुधाचा हात लावून मळावे.

आवाहनाच्याच दिवशी सकाळी कुरडया तळून डब्यात बंद कराव्यात आणि कोशिंबिरीसाठी दाण्याचे कूट करून ठेवावे. पंचामृत तर दोन दिवस आधीच करावे. चिंच, गूळ, तीळ, दाणे, खोबऱ्याचे काप आणि मिरच्या मुरून ते तिसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र पूजनाच्या सकाळीच वाटावी.

पूजनाच्या दिवशीचे वेळापत्रक शेवटाकडून सुरुवातीकडे मांडावे. एका तव्यावर एक पुरणपोळी नीट भाजायला सुमारे तीन मिनिटे लागतात, म्हणजे पन्नास पोळ्यांना एकाच तव्यावर अडीच तास जातील. दोन तवे आणि दोन पोलपाट असतील, तर तासाला तीस-पस्तीस पोळ्या निघतात. त्यामुळे साडेदहाला तवे तापले पाहिजेत, बारापर्यंत चाळीस-बेचाळीस पोळ्या झालेल्या असल्या पाहिजेत, आणि चार बर्नरच्या शेगडीवर या वेळात आमटी व भाजी यांच्यासाठी दोनच बर्नर उरतात, हे गणित आधीच मान्य करावे लागते. म्हणून वरण आणि बटाट्याची भाजी साडेनऊच्या आत संपवावी. भाताचे दोन कुकर आमच्या शेजारच्या वहिनींच्या शेगडीवर लागतात, पहिला बारा वाजता आणि दुसरा सव्वाला. त्यांच्याकडे गणपतीच्या पहिल्या दिवशी मोदकांची पातेली माझ्या शेगडीवर असतात. सोसायटीत राहण्याचा हा फार मोठा आधार आहे आणि तो मागायला संकोच करू नये.

कणीक सकाळी सातला भिजवावी: सातशे-आठशे ग्रॅम बारीक चाळलेली कणीक, मूठभर मैदा, मीठ, चिमूटभर हळद आणि तेल. ती रोजच्या पोळीपेक्षा बरीच सैल असावी आणि दोन-तीन तास मुरल्यावर तेलाच्या हाताने इतकी तिंबावी, की ओढली असता तुटण्याऐवजी लांबत जाईल. पुरण तासभर आधी फ्रिजमधून काढून हाताने सारखे करावे आणि त्याचे पन्नास गोळे मोजूनच करून ठेवावेत. लाटताना तांदळाची पिठी वापरावी, लाटणे कडेने हलके फिरवावे, आणि तव्यावर टाकल्यावर पहिली बाजू पूर्ण भाजेपर्यंत पोळी उलटण्याची घाई करू नये.

एका वर्षी हाताशी माणसे कमी होती, म्हणून मी तीस पोळ्या बाहेरून मागवल्या होत्या. त्या वाफेसकट डब्यात भरल्या होत्या. डबा उघडला तेव्हा एकीला एक चिकटून पोळ्यांचा गठ्ठा झाला होता, आणि देवीच्या पानासाठी एक अखंड पोळी शोधताना माझे डोळे भरून आले. तेव्हापासून प्रत्येक पोळी सुती फडक्यावर दोन मिनिटे सुटी टाकून, वाफ गेल्यावरच दुसरीवर ठेवायची, हा आमच्या घरचा नियम झाला आहे. बाहेरून मागवायच्याच असतील, तर देणाऱ्यांना ही गोष्ट आधी सांगून ठेवावी.

कोशिंबिरीत मीठ पान वाढण्याच्या वेळीच घालावे, नाहीतर काकडीला पाणी सुटते. पानात वर मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि पंचामृत, उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी, खाली मध्यभागी वरण-भाताची मूद. गौरीचे पान वाढून तुळशीपत्र ठेवले, की ओट्यासमोरच्या बाईने पाच मिनिटे बाहेर येऊन आरतीला उभे राहावे. मधुमेह असलेल्या माणसाला अर्धी पोळी हवी असेल, तर अर्धीच वाढावी. तिथे आग्रह करू नये.

पन्नासांतले शेवटचे आठ-दहा गोळे पहिल्या पंगतीच्या वेळी लाटू नयेत. त्यावर ओले फडके घालून ठेवावे. दुसरी पंगत बसली, की पहिल्या पंगतीत जेवलेल्या एखादीने तवा पुन्हा तापवावा आणि सकाळपासून उभ्या असलेल्या बायकांच्या पानात एकेक गरम पोळी, वर तुपाची धार सोडून, वाढत जावी. पुरण उरले, तर ते त्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी त्याचे कडबू करावेत. विसर्जनाच्या दहीभात आणि शेवयांच्या खिरीबरोबर ते चांगले लागतात.