दुसरा कुत्रा घरी आणताना

आमचा मोती सात वर्षांचा होता तेव्हा रस्त्यावरची चिंगी आम्ही उचलून आणली आणि कौतुकाने थेट मोतीच्याच चटईवर ठेवली. मोती पलंगाखाली गेला तो रात्री जेवायलाही बाहेर आला नाही. ती घाई तुम्ही करू नका.

१. आधी डॉक्टर. पिल्लाला जंताचं औषध द्या, गोचीड काढा आणि लशीचं वेळापत्रक लिहून घ्या : ६ ते ८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी डोस, रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात. रस्त्यावरचं पिल्लू असेल तर दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. पार्व्होची (पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा आजार) लक्षणं दिसायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो आणि विषाणू फरशीवर, चपलांवर महिनोन्‌महिने टिकतो. जुन्या कुत्र्याची वार्षिक लस राहिलीय का, हेही तेव्हाच बघा. आमच्या मोतीची राहिली होती.

२. वासाची ओळख. पिल्लू धडधाकट आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की त्याच्या अंगाखालचं फडकं जुन्या कुत्र्याजवळ ठेवा. त्याचं फडकं पिल्लाकडे.

३. पहिली भेट घराबाहेर. भटकी कुत्री येत नाहीत अशी जागा निवडा. सोसायटीची गच्ची चालते. दोन माणसं, दोन पट्टे. समोरासमोर आणू नका; आठ-दहा फुटांवरून एकाच दिशेला चालवा. पट्टा सैल हवा, कारण तुम्ही ताणलात की कुत्राही ताठतो. हळूहळू जवळ या, मागून हुंगू द्या आणि दोन-तीन सेकंदांत हाक मारून पुढे न्या.

४. घरात आणण्यापूर्वी हाडं, खेळणी, वाडगी उचला. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून. भांडणं बहुतेक इथेच पेटतात.

५. गुरगुरला म्हणून ओरडू नका. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गुरगुरणं म्हणजे ‘जरा लांब राहा’ ही सूचना. ती दाबली की कुत्रा एक दिवस न सांगता चावू शकतो. चिंगी मोतीच्या शेपटीला लोंबकळली तेव्हा तो गर्रकन वळला आणि हवेतच जबडा मिटला, तिला दातही न लावता. ती कान पाडून बसली. पाच मिनिटांनी पुन्हा शेपटीकडे, पण या वेळी हातभर अंतर ठेवून. अशा वेळी मध्ये पडायचं नसतं. मात्र अंग ताठ, नजर रोखलेली आणि आवाज बंद असेल तर लगेच दोघांना वेगळं करा. जुंपलीच तर हात घालू नका, मध्ये उशी किंवा खुर्ची सरकवा.

पहिले काही आठवडे बाहेर जाताना दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. जुना कुत्रा फिरताना दिसेल त्या कुत्र्यावर धावून जात असेल, तर मुळात दुसरा आणूच नका. आणि एकाच वेतातली दोन पिल्लं तर नकोच. ती बऱ्याचदा एकमेकांतच रमतात, तुमचं ऐकत नाहीत.

चटईचा प्रश्न आम्ही दुसरी चटई आणून सोडवला. तिच्यावर मोती झोपतो. जुनी चिंगीने घेतली.