फॉन्ट टाकू नका, आधी कचरा नीट बघा

दसऱ्याच्या पंधरा-वीस दिवस आधी लक्ष्मीनगरातल्या एका छोट्या लॉजच्या काकूंचा फोन आला. "भाऊ, जपानहून मेल आला अन् त्यात निस्ता कचरा दिसून राहिला. पोरानं चार फॉन्ट टाकले, तरी तसंच. येऊन जा ना एकदा." दीक्षाभूमी तिथून जवळ. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरदेशातूनही उपासक येतात, त्यामुळे काकूंच्या इनबॉक्समध्ये सप्टेंबरपासूनच जपानी, कोरियन मेल सुरू होतात.

पोराने फॉन्ट टाकले यात त्याची चूक नाही. आपण सगळे तिथेच शिकलो. मी नागपूरच्या महाल भागात बरीच वर्षं डीटीपी केलं, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची हँडबिलं. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले मराठी आकार. पेनड्राइव्हवरची फाइल दुसऱ्या दुकानात उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला की कागदभर इंग्रजी गोंधळ. फॉन्ट टाकला की मराठी जागच्या जागी. कचरा दिसला तर फॉन्ट टाका, हे आपल्या हाडात बसलं. जपानी, चिनी, कोरियन मेलच्या बाबतीत हे बरोबर उलटं आहे. तिथे फॉन्ट नसेल तर कचरा दिसत नाही, रिकामे चौकोनी डबे दिसतात. कचरा दिसतो तेव्हा फॉन्ट ठीकच असतो. अक्षरं संगणकात आकड्यांच्या रूपात साठवायच्या अनेक पद्धती आहेत, त्यांना एन्कोडिंग म्हणतात, आणि सॉफ्टवेअरने मजकूर भलत्याच पद्धतीने वाचलेला असतो. म्हणून आधी पडद्यावर काय दिसतंय ते नीट बघा. आणि तोवर त्या मेलला रिप्लाय करू नका. रिप्लाय केला की तोच कचरा खरा मजकूर म्हणून नव्याने लिहिला जातो आणि पुढच्याला दुरुस्तीला जागा राहत नाही. दुसऱ्याला दाखवायचाच असेल तर 'फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट' करा, म्हणजे मूळ मेल न दुखावता जातो.

डब्यांचं काम सोपं, तेवढं उरकून टाकतो. विंडोजच्या सेटिंग्जमधल्या शोधपेटीत 'ऑप्शनल फीचर्स' लिहा आणि तिथून 'जॅपनीज सप्लिमेंटल फॉन्ट्स' किंवा चिनी, कोरियन हवं ते जोडा. विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स असेल तर नोटो सीजेके (चिनी, जपानी, कोरियन) नावाचं फॉन्टचं पॅकेज आहे. या डब्यांना संगणकवाले 'टोफू' म्हणतात, आणि नोटो हे नाव 'नो टोफू'वरून आलंय. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये एवढं करूनही डबे राहिले तर सेटिंग्जच्या जनरल पानावर फॉन्ट्सच्या शेजारचं 'अ‍ॅडव्हान्स्ड' उघडा. वर 'फॉन्ट्स फॉर' अशी यादी आहे, तीत जॅपनीज निवडून खाली जपानी फॉन्ट नेमा. प्रत्येक लिपीसाठी हे वेगळं करावं लागतं, लोक नेमके तिथे चुकतात.

एक बारीक गोष्ट. चिनी आणि जपानीत सारखी असणारी हजारो चित्राक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, एकाच क्रमांकावर आहेत. आकार कुठला दिसणार ते फॉन्ट ठरवतो. 'हाड' या अर्थाच्या अक्षरात वरच्या चौकटीतला छोटा कोपरा जपानी फॉन्टमध्ये उजवीकडे असतो, चीनच्या फॉन्टमध्ये डावीकडे. जपानी माणसाला त्याचंच नाव चिनी वळणात छापून दिलं तर तो बोलणार नाही, पण त्याला दिसतं. पाहुण्यांच्या खोलीच्या दारावर नावं लावणार असाल तर फॉन्ट जपानीच ठेवा. परदेशी पाहुण्यांची सरकारकडे द्यायची माहिती तर पासपोर्टवरच्या रोमन नावानेच भरायची असते, तिथे ही भानगड नाही.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, ओळीच्या ओळी, तर हात जोडा. मधल्या कुठल्यातरी यंत्राने अक्षरं ओळखली नाहीत आणि त्यांच्या जागी खरोखरची प्रश्नचिन्हं लिहून टाकली. आत काही उरलेलं नाही. पुन्हा पाठवा म्हणून सांगा. काळ्या हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह मात्र वेगळं, ते बहुतेक वेळा वाचण्यातल्या गोंधळाचं लक्षण असतं, म्हणजे अजून आशा आहे.

आता कचरा. जपानीत याला 'मोजिबाके' असा शब्दच आहे, अक्षरांनी रूप बदललं अशा अर्थाचा. प्रत्येक कचऱ्याला आपला चेहरा असतो आणि तो ओळखता आला की अर्धं काम झालं.

दर तीन चिन्हांमागे छोटा इंग्रजी ए आणि त्याच्या डोक्यावर लाट, असं दिसलं तर तो यूटीएफ-८ मधला, म्हणजे आजच्या सगळ्या लिपींना चालणाऱ्या पद्धतीतला, जपानी मजकूर युरोपीय समजून वाचला गेलाय. मराठी मेलचा असाच कचरा तुम्ही पाहिला असेल, त्यात ए वर लाटेऐवजी तिरकी रेघ असते. खाली बसलेले स्वल्पविराम आणि शेपटीवाला एफ सारखे येत असतील तर ते शिफ्ट-जिस, जपानची जुनी विंडोज पद्धत. सगळी मोठी अक्षरं, कुणाच्या डोक्यावर दोन ठिपके, कुणावर टोपी, मध्येच पाव-अर्ध्याचे अपूर्णांक, तर चीनची जीबी किंवा कोरियाची ईयूसी-केआर पद्धत. आणि कचऱ्यातही चिनी अक्षरंच दिसत असतील, पण दाट, आणि बहुतेकांच्या डाव्या अंगाला तीच ती सुताची खूण, तर यूटीएफ-८ मजकूर शिफ्ट-जिस समजून वाचलाय. हे सगळ्यात फसवं. चिनी दिसतंय म्हणून माणूस गप्प बसतो.

दुरुस्ती थंडरबर्डमध्ये अशी. मेल उघडा, आल्ट दाबून वरचा मेनू आणा, 'व्ह्यू'मध्ये 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबा. जुन्या आवृत्तीत तिथे पद्धतींची लांब यादी असायची, आता हे एकच बटण आहे आणि ते स्वतः अंदाज बांधतं. त्याने भागलं नाही तर कंट्रोल आणि यू दाबून मेलचं मूळ रूप बघा. 'कंटेंट-टाइप'च्या ओळीत 'कॅरसेट', म्हणजे पद्धतीचं नाव, लिहिलेलं असतं. तिथे यूएस-एएससीआयआय, म्हणजे फक्त साधी इंग्रजी अक्षरं, असं असेल किंवा काहीच नसेल आणि मजकूर जपानी असेल, तर पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरने पाकिटावर चुकीचा पत्ता घातलाय.

क्लासिक आउटलुकमध्ये मेल डबल क्लिकने वेगळ्या खिडकीत उघडावा लागतो, वाचनाच्या कप्प्यातून चालत नाही. मग 'मेसेज' टॅबवर 'अ‍ॅक्शन्स', त्यात 'अदर अ‍ॅक्शन्स', त्यात 'एन्कोडिंग'. इथे यादी मिळते, एकेक लावून बघायची. पण जपानी न येणाऱ्याने बरोबर लागलं हे ओळखायचं कसं? माझी खूण अशी: खऱ्या जपानीत दाट अक्षरांच्या मध्ये हलकी, गोलसर अक्षरं असतात, आणि त्यातलं 'नो' हे जिलबीच्या एका वेढ्यासारखं अक्षर जवळजवळ दर ओळीत सापडतं. वेढा दिसला की जिंकलो. कोरियनमध्ये सुटे गोल आणि सरळ काड्या दिसतात. चिनीत मात्र अशी खूण नाही. चीनच्या मेलला जीबी १८०३० आणि तैवानच्या मेलला बिग५ लावा, आणि दोन ओळी भाषांतराच्या साइटवर टाकून अर्थ लागतो का बघा.

काकूंचा मेल यातल्या कशातच बसेना. पडदाभर साधी टंकलेखनाची चिन्हं: $, %, #, मध्ये इंग्रजी अक्षरं. पाहिल्या पाहिल्या मी म्हटलं, हे आयएसओ-२०२२-जेपी. जपानी मेलची ही जुनी चाल. मेल तेव्हा प्रत्येक अक्षराचे सातच बिट नेऊ शकत, म्हणून एकेक जपानी अक्षर दोन साध्या चिन्हांत बांधायचे आणि तुकड्याच्या आधी 'एस्केप' हे न दिसणारं चिन्ह, मग $ आणि बी. एस्केप दिसला की सॉफ्टवेअर समजतं, इथून जपानी. काकूंचा मेल त्यांच्या जुन्या वेबसाइटच्या पत्त्यावरून वळून येत होता आणि त्या वळणावर कुणीतरी एस्केप झाडून टाकले होते. चिन्हं सगळी शाबूत, फक्त कुलपाची किल्ली गेलेली. कुठलाही मेनू हे दुरुस्त करत नाही.

पण वाचता थोडं येतं! या पद्धतीत रुंद जपानी आकडे म्हणजे # आणि त्यापुढे आकडा. महिन्याचं अक्षर म्हणजे ७ आणि छोटा एन. दिवसाचं अक्षर म्हणजे मोठा एफ आणि उभी रेघ. मी काकूंना पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: #1#0, मग सात-एन, #1#2, मग एफ आणि रेघ. १२ ऑक्टोबर. पुढे तसंच #1#5. आणि खाली #1#1 च्या मागे मोठा एल आणि >, ते माणसं मोजायचं अक्षर. अकरा जण.

"बाप्पा, अकरा?" काकू म्हणाल्या. "माझ्याकडे चारच खोल्या मोकळ्या आहेत ना."

बाकी ओळींत $ च $ होते, म्हणजे साधी हिरागाना अक्षरं, क्रियापदांची शेपटं वगैरे. एका ओळीत %+ ने सुरू होणारा शब्द. % आला की काताकाना, म्हणजे बहुधा परका शब्द. तेवढ्यावरून मला काही लागलं नाही. मग आम्ही इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: मेल वाचता आला नाही, कृपया यूटीएफ-८ मध्ये किंवा पीडीएफ करून पाठवा, आणि थेट या दुसऱ्या पत्त्यावर. ही चार वाक्यं काकूंनी आता ड्राफ्टमध्ये ठेवली आहेत. तुम्हीही ठेवा.

आपल्याकडून जाणाऱ्या मेलची बाजूही बघून घ्या. आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली 'इंटरनॅशनल ऑप्शन्स' आहेत, तिथे बाहेर जाणाऱ्या मेलसाठी यूटीएफ-८ नेमा. 'रिच टेक्स्ट' मध्ये पाठवू नका, समोरच्याला विनमेल डॉट डॅट नावाची निरुपयोगी फाइल मिळू शकते.

अटॅचमेंटचं दुखणं वेगळं, आणि ते मेलच्या मेनूने बरं होत नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात सुट्या भागांची यादी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, म्हणून ओसाकाहून यायची आणि एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं की कचरा. डबल क्लिक करूच नका. कोरं एक्सेल उघडा, 'डेटा' टॅबवरून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाइल निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ९३२ क्रमांकाचं जॅपनीज घ्या. झिपमधल्या फाइलींची नावं बिघडली तर बँडिझिप या प्रोग्रॅममध्ये कोड पेज, म्हणजे वाचायची पद्धत, बदलता येतं, तिथेही जपानीच. आणि फोल्डरच्या पत्त्यात उलट्या तिरक्या रेघेऐवजी येनचं चिन्ह दिसलं तर काही बिघडलेलं नाही. जपानी फॉन्टमध्ये ती रेघ तशीच दिसते.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे मेल पुन्हा आला, स्वच्छ. अकरा जण, १२ ते १५, चार खोल्या चालतील, दाटीवाटीने राहू. %+ म्हणजे 'का' होता आणि शब्द होता 'करी'. रस्सा कमी तिखट करता येईल का, असं त्यांनी फार नम्रपणे विचारलं होतं. काकूंनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकता का, त्या चार दिवसांत सावजी मसाला बंद."